रुपया, चांदी आणि लंडनची तिजोरी

२६ जून १८९३ रोजी सिमल्यात व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कायदेमंडळाची बैठक भरली. अर्थखात्याचे सदस्य सर डेव्हिड बार्बर यांनी नाण्यांसंबंधीचे एक लहानसे विधेयक मांडले आणि त्याच बैठकीत ते मंजूर होऊन त्याचा कायदा झाला. त्या दिवसापर्यंत मुंबईच्या फोर्टातील किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी घेऊन जावे, ठरलेली मजुरी द्यावी आणि तेवढ्या चांदीचे रुपये पाडून न्यावेत, अशी मुभा होती. पेढीवाल्या सावकाराला ती होती, परदेशी बँकेला होती आणि नियमाने पाहिले तर सामान्य माणसालाही होती. त्या दिवसानंतर ती राहिली नाही. रुपये किती पाडायचे, केव्हा पाडायचे, हे यापुढे फक्त सरकार ठरवणार होते. शाळेच्या इतिहासात ही तारीख आपल्याला भेटत नाही. तरी खिशातल्या नोटेची वंशावळ लिहायला बसले तर माझ्या मते हाच दिवस तिचा जन्मदिवस धरावा लागेल. त्या दिवशी कागदाचा कपटाही छापला गेला नाही. पण चांदीचा रुपया त्या दिवसापासून नोटेच्या वाटेला लागला. हे कसे घडले ते समजण्यासाठी आपल्याला बरेच मागे आणि बरेच पूर्वेकडे जावे लागते.

चीनच्या सिचुआन प्रांतात दहाव्या शतकात लोखंडाची नाणी चालत. मोठ्या खरेदीला निघायचे तर नाण्यांचे ओझे वाहण्यासाठी हमाल लागत. तेव्हा चेंगडू शहरातल्या व्यापाऱ्यांनी नाणी ठेवून घेऊन पावत्या द्यायला सुरुवात केली आणि त्या पावत्याच हातोहात फिरू लागल्या. पुढे काही पेढ्यांना पावत्यांचे पैसे वेळेवर देता येईनात, तेव्हा सरकारने १०२३ मध्ये हा व्यवहार आपल्या हाती घेतला. या सरकारी ‘जियाओझी’ची पहिली खेप साडेबारा लाख गुआनांहून थोडी अधिक होती आणि तिच्या पाठीशी ३ लाख ६० हजार गुआनांची नाणी ठेवलेली होती. म्हणजे जगातल्या पहिल्या सरकारी नोटांच्या मागे चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त नाणे होते, आणि बाकीचा सगळा भरवसा होता. पुढच्या काळात लढायांचा खर्च वाढला, नोटा वाढल्या आणि भरवसा आटला. कुबलाई खानाने १२६० पासून आपल्या साम्राज्यात नोटा चालवल्या आणि त्या पाहून मार्को पोलो थक्क झाला. पण त्याच घराण्यातल्या इराणच्या गैखातूने १२९४ मध्ये तब्रिझमध्ये हाच प्रयोग केला, तेव्हा बाजार बंद पडले, दंगे झाले आणि दोनेक महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या.

आपल्याकडे कागद नव्हता, पण कल्पना पोहोचली होती. महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास पितळ आणि तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने घ्यावीत असा हुकूम दिला. ही नाणी दिल्लीबरोबर दौलताबादच्या टांकसाळीतही पाडली गेली, म्हणजे आपल्या देवगिरीच्या पायथ्याशी. चीनच्या नोटेत आणि या नाण्यात एक मोठा फरक होता. चीनचा कागद, त्यावरचे शिक्के आणि नक्षी यांची नक्कल करणे अवघड होते. तांब्याचे नाणे कोणत्याही कारागिराला घरी पाडता येत होते. तसेच झाले. दोन-तीन वर्षांत खोट्या नाण्यांचा पूर आला आणि सुलतानाने ती नाणी सरकारी खजिन्यातून सोने-चांदी देऊन परत घेतली. त्याला वेडा ठरवून इतिहास मोकळा झाला आहे. मला मात्र परतफेडीची ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या राजाने शब्द पाळण्यासाठी खजिना रिकामा केला, त्याच्याइतके प्रामाणिक सरकार या कहाणीत आपल्याला पुढे क्वचितच भेटणार आहे.

मराठी मुलखात पैसा म्हणजे नाण्यांचा बाजारच होता. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, पण व्यवहारात मोगली रुपये, आदिलशाही होन आणि व्हेनिसहून आलेल्या सोन्याच्या पुतळ्याही चालत. या पुतळ्या पुढे बायकांच्या गळ्यात माळ होऊन बसल्या. पेशवाईत चांदवड, चिंचवड, बागलकोट अशा ठिकाणी टांकसाळी होत्या. सोनारांना टांकसाळीचे परवाने मिळत आणि प्रत्येक गावच्या रुपयाला दुसऱ्या गावी बट्टा लागे. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, हाली सिक्का यांचे आपापसातले भाव सराफाला तोंडपाठ असत. एकोणिसावे शतक संपता संपता न्यायमूर्ती रानड्यांनी या टांकसाळींवर निबंध लिहिला; नेमके तेव्हाच रुपयाचे भवितव्य लंडनच्या समित्यांमध्ये ठरत होते. कागदही मराठी व्यवहारात होता, पण तो हुंडीच्या रूपाने. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला मुदत. हरवली तर तिची नक्कल म्हणजे ‘पेठ’ आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. हुंडीच्या पाठीशी कोणतेही सरकार नव्हते. होती ती पेढीची पत, आणि ती पुण्याहून काशीपर्यंत चाले. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने हा नाण्यांचा बाजार मोडला आणि एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. त्याच कायद्याने सोन्याच्या मोहरेला कायदेशीर चलनातून बाजूला सारले. चांदीची तोळाभर वजनाची वस्तू आणि रुपया यांचे नाते यानंतर जवळजवळ साठ वर्षे टिकले, आणि घराघरातली बचत या नात्यावर विसंबली.

इकडे रुपया चांदीचा होत असताना इंग्लंड सोन्याकडे कसे वळले, हेही आपण पाहिले पाहिजे, कारण या दोन गोष्टी एकाच प्रवाहाच्या आहेत. १७१७ मध्ये सर आयझॅक न्यूटन लंडनच्या टांकसाळीचे प्रमुख होते. त्यांच्या अहवालानंतर सोन्याच्या गिनीची किंमत २१ शिलिंग ठरली. या भावात चांदीपेक्षा सोन्याला झुकते माप मिळाले. त्यामुळे पुऱ्या वजनाची चांदीची नाणी इंग्लंडात टिकेनात. ती वितळून जिथे चांदीला अधिक मोल होते त्या हिंदुस्थान आणि चीनकडे निघाली. कंपनीच्या जहाजांतून आलेल्या चांदीचे इथे रुपये झाले. फ्रान्सशी युद्ध सुरू असताना, १७९७ मध्ये, बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले ते थेट १८२१ पर्यंत. मधल्या काळात, १८१६ च्या कायद्याने, इंग्लंडने सोन्यालाच अधिकृतपणे परिमाण मानले. १८४४ च्या कायद्याने बँकेच्या नोटांवर मर्यादा आली: ठरावीक रकमेपलीकडची प्रत्येक नोट पूर्णपणे धातूच्या पाठबळानेच निघावी. हा नियम लवकरच समुद्र ओलांडून आपल्याकडे आला.

तो आणणारे गृहस्थ होते जेम्स विल्सन. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे ते संस्थापक. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या खजिन्याला सावरायला १८५९ च्या अखेरीस ते कलकत्त्यात आले. त्यापूर्वी बंगाल, मुंबई आणि मद्रास या इलाख्यांच्या बँका आपापल्या नोटा काढत. मुंबईची बँक १८४० ची. विल्सन यांनी सरकारी नोटांची योजना मांडली, तिच्यात एक तृतीयांश नाणे आणि बाकी कर्जरोखे असे पाठबळ होते. पण ऑगस्ट १८६० मध्ये आमांशाने त्यांचा कलकत्त्यातच अंत झाला, आणि लंडनहून भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांनी १८४४ च्या इंग्रजी साच्याचा आग्रह धरला. १८६१ च्या कायद्याप्रमाणे ४ कोटी रुपयांपर्यंतच्या नोटा कर्जरोख्यांच्या आधाराने काढता येत. त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे तेवढी चांदी हवी. १ मार्च १८६२ पासून या नोटा चालू झाल्या. देशाचे विभाग पाडले होते आणि नोट आपल्याच विभागात चाले. वऱ्हाडातले अकोलाही असे एक केंद्र होते. नागपूरच्या नोटेला पुण्यात पुन्हा बट्टा द्यावा लागे. व्यापारी नोटेचे दोन तुकडे करून एक तुकडा टपालाने पाठवत आणि पोच आली की दुसरा. पाच रुपयांची नोट देशभर एकाच भावाने चालू लागायला १९०३ साल उजाडावे लागले, शंभराच्या नोटेला १९११. तोपर्यंत सरकारी कचेरीबाहेर या कागदाकडे कोणी फारसे पाहत नव्हते, आणि मला त्यात नवल वाटत नाही. रुपया स्वतःच चांदीचा होता, तेव्हा नोट ही त्याची पावती होती. पावतीपेक्षा माल हातात असलेला बरा.

आता मालच नासू लागला. १८७१ ते १८७३ या काळात नव्याने एक झालेल्या जर्मनीने चांदी सोडून सोने धरले. १८७३ मध्ये अमेरिकेने चांदीच्या डॉलरची मुक्त टांकणी बंद केली; फ्रान्स आणि त्याच्या साथीदार देशांनीही टांकसाळींचे दार चांदीला बंद केले. त्याच वेळी अमेरिकेतल्या नेवाडाच्या खाणींतून चांदी भरभरून निघत होती. लंडनच्या बाजारात औंसाला साठ पेन्सच्या घरात असलेली चांदी १८९२ मध्ये चाळीस पेन्सच्या खाली आली. रुपया चांदीचा, म्हणून तोही उतरला: १८७१-७२ मध्ये सुमारे २३ पेन्सचा रुपया १८९२-९३ मध्ये जेमतेम १५ पेन्सचा झाला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये कर्जाचे व्याज, रेल्वेची हमी, निवृत्तिवेतने आणि भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च असे देणे सोन्याच्या पौंडांत द्यावे लागे. १८९२-९३ मध्ये १ कोटी ६५ लाख पौंड पाठवायला सुमारे साडेसव्वीस कोटी रुपये लागले. १८७३-७४ च्या दराने तेच काम पावणेअठरा कोटींत झाले असते. हा फरक शेवटी करातूनच भरायचा. लॉर्ड हर्शेल यांची समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून आपण सुरुवातीला पाहिलेला तो दिवस आला. टांकसाळी बंद करायच्या, रुपये दुर्मिळ करायचे आणि त्यांचा भाव १६ पेन्सपर्यंत चढवायचा, म्हणजे पंधरा रुपयांना एक पौंड. सुरुवातीला रुपया आणखी घसरून १३ पेन्सपर्यंत गेला. मग टंचाईने काम केले, आणि १८९८ मध्ये १६ पेन्सचा भाव मिळाला.

इथे आपण क्षणभर थांबून सरकारी हिशेबाबाहेर पाहू. १८९८ मध्ये रुपयातली चांदी बाजारभावाने सुमारे १० पेन्सची होती आणि रुपया १६ पेन्सला चालत होता. मधले ६ पेन्स केवळ सरकारच्या शिक्क्याचे. म्हणजे तोळ्याला रुपया हे जुने नाते तुटले. ज्यांची बचत रुपयांत होती त्यांचे नुकसान झाले नाही. पण शेतकऱ्याची बचत रुपयांत नसायची. ती असायची बायकोच्या हातातल्या गोटांत, पायातल्या तोड्यांत, पोराच्या वाळ्यांत. एरवी अडीनडीला तो दागिना चांदीच्या वजनाने जवळजवळ रुपयांच्या मोलाचा ठरे, कारण शेवटी टांकसाळीचे दार सगळ्यांना उघडे होते. आता ते दार बंद होते. आणि याच वर्षांत, १८९६-९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये, दख्खनवर दुष्काळ पडले. दागिने मोडायला निघालेल्या माणसाला पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी रुपये हाती आले, आणि सारा मात्र त्याच चढ्या रुपयांत भरायचा होता. चलनाच्या इतिहासाची पुस्तके १८९३ चा निर्णय यशस्वी झाला असे लिहितात. लंडनच्या देण्यापुरते ते खरे आहे. त्या यशाची किंमत कोणी मोजली, हे लिहिल्याशिवाय मात्र हिशेब पुरा होत नाही.

पुढे काय करायचे हे ठरवायला सर हेन्री फाउलर यांची समिती १८९८ मध्ये बसली. तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक सरळ: सोन्याचे नाणे चलनात आणा, मुंबईत सोन्याची टांकसाळ काढा. दुसरी बँक ऑफ बेंगॉलमधले अधिकारी ए. एम. लिंडसे वीस वर्षे सुचवत आलेले होते: देशात रुपये आणि नोटाच चालू द्या, सोन्याचा साठा लंडनमध्ये ठेवा आणि परदेशी देण्यापुरताच तो वापरा. समितीने पहिली वाट पसंत केली. सॉव्हरिन हे इंग्लंडचे सोन्याचे नाणे इथे कायदेशीर चलन झाले. पण मुंबईच्या सोन्याच्या टांकसाळीवर लंडनच्या कोषागाराने इतक्या हरकती काढल्या की ती योजना बारगळली, आणि समितीने नाकारलेली लिंडसे यांची वाट हळूहळू आपोआप चालू झाली. रुपये पाडण्यातून होणाऱ्या नफ्याचा १९०० पासून एक सुवर्ण निधी उभा राहिला आणि तो लंडनमध्ये राहिला. घरची ठेव दुसऱ्या गावच्या सावकाराकडे ठेवावी आणि गरजेला त्याच्याकडून चिठ्ठी आणावी, तशी ही व्यवस्था झाली. १९०७ मध्ये या निधीकडे जायचे दहा लाखांहून अधिक पौंड रेल्वेच्या भांडवलाकडे वळवले गेले. त्याच सुमारास अमेरिकेतून आर्थिक संकटाची लाट आली आणि रुपयाचा भाव राखण्यासाठी १९०८ मध्ये सुमारे ऐंशी लाख पौंडांच्या हुंड्या विकाव्या लागल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात याच काळात सांगितले की सरकार भरमसाट रुपये पाडत आहे आणि महागाईचे एक कारण तेच आहे. १९१२ मध्ये मुंबईच्या सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी सोन्याच्या टांकसाळीची मागणी पुन्हा मांडली.

लंडनच्या इंडिया ऑफिसात १९०६ ते १९०८ नोकरी केलेला एक तरुण याच विषयावर लिहीत होता. जॉन मेनार्ड केन्सचे पहिले पुस्तक, १९१३ चे, हिंदुस्थानच्या चलनावरच आहे. रुपया ही आता चांदीवर छापलेली नोट झाली आहे, हे त्याने स्पष्ट ओळखले, आणि त्याला त्यात वावगे काही दिसले नाही. माणसांच्या खिशात सोने फिरवणे म्हणजे उधळपट्टी. शहाण्या देशाने सोने एके ठिकाणी ठेवावे आणि घरात स्वस्त नाणे वापरावे, असे त्याचे म्हणणे. तर्क निर्दोष होता. फक्त ते ‘एके ठिकाण’ लंडन असावे की मुंबई, हा प्रश्न त्याला आपल्याइतका बोचत नव्हता.

पहिल्या महायुद्धाने हा तर्क तपासला. चांदी महागत गेली. लंडनमध्ये ती औंसाला ४३ पेन्सच्या वर गेली की १६ पेन्सचा रुपया वितळवणे फायद्याचे ठरत होते, आणि सप्टेंबर १९१७ मध्ये ती ५५ पेन्सवर पोहोचली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली, पंचवीस नोटांच्या पुस्तिकेत बांधलेली, आणि लगेच पुढच्या जानेवारीत अडीच रुपयांची. लोकांनी नोटा घेऊन चांदी मागायला सुरुवात केली. १९१८ च्या वसंतात मुंबईच्या चलन कचेरीवर झुंबड उडाली. अमेरिकेने एप्रिलमध्ये खास कायदा करून आपल्या साठ्यातली वीस कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकली, तेव्हा नोटेचा शब्द राहिला. आणि याच धामधुमीत एक विलक्षण गोष्ट झाली: वीस वर्षे नाकारलेली सोन्याची टांकसाळ ऑगस्ट १९१८ मध्ये मुंबईत उघडली, लंडनच्या राजटांकसाळीची शाखा म्हणून. सुमारे तेरा लाख सॉव्हरिन तिथे पाडली गेली आणि एप्रिल १९१९ मध्ये ती बंद पडली. सोन्याच्या चलनाला अडचण तांत्रिक होती असे सांगणाऱ्यांना हे आठ-नऊ महिने पुरेसे उत्तर आहेत.

युद्धानंतर लंडनमध्ये एक मराठी विद्यार्थी या सगळ्या समित्यांची कागदपत्रे वाचत बसला होता. भीमराव आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला; त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी मतभेद नोंदवत प्रस्तावना लिहिली. या पुस्तकाचे मोठेपण मला त्याच्या प्रश्नात वाटते. केन्स विचारत होता, रुपयाचा पौंडाशी भाव स्थिर कसा राहील? आंबेडकर विचारत होते, रुपयात बाजारात काय येते आणि ते स्थिर कसे राहील? लंडनमध्ये सोने आणि देशात रुपये अशा या व्यवस्थेत, म्हणजे सुवर्ण विनिमय परिमाणात, सरकारला वाटेल तेव्हा रुपये पाडता येतात. सोने देण्याचे आश्वासन हा त्यावरचा लगाम फार सैल आहे. खरा लगाम म्हणजे पाडण्याला मर्यादा. म्हणून त्यांनी सांगितले की रुपयाची टांकणी लोकांबरोबर सरकारलाही बंद करा, सोन्याचे नाणे पाडा, दोघांचे प्रमाण कायद्याने ठरवा आणि दोन्ही चालू द्या. डिसेंबर १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हेच मांडले, आणि रुपया स्वस्त केला की नफा व्यापाऱ्याला होतो व तोटा मजुरीवर जगणाऱ्याला, हेही बजावले. मुंबईचे गिरणीमालक आणि व्यापारी त्या वेळी १६ पेन्सच्या स्वस्त रुपयासाठी झगडत होते. त्या गदारोळात मजुराची बाजू मांडणारे फार थोडे होते.

आयोगाने सोन्याचे नाणे नाकारले, पण सोन्याच्या लगडी दिल्या. १९२७ च्या कायद्याने रुपया १८ पेन्सचा झाला, ८.४७५१२ ग्रेन सोन्याच्या मोलाचा. सरकार तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै या भावाने सोने घेणार, पण किमान चाळीस तोळे. आणि विकताना सोने द्यायचे की पौंड, हे सरकारच्या मर्जीवर, तेही हजाराहून अधिक तोळ्यांच्या सौद्याला. चाळीस तोळे घेऊन जाणारा शेतकरी कुठला? १९२८ पासून नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. कागद आणि शाई जवळ आली, सोने दूरच होते. २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने स्वतःच सुवर्ण परिमाण सोडले आणि रुपयाला पौंडाला बांधून टाकले. सोन्याचा भाव एकदम चढला. जगभर मंदी होती, धान्याचे भाव कोसळले होते, सारा आणि सावकाराचे व्याज तेवढेच होते. खेड्यापाड्यांतून मोडलेले दागिने झवेरी बाजारात आले, तिथे त्यांच्या लगडी झाल्या आणि मुंबई बंदरातून त्या लंडनकडे गेल्या. पुढच्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. निर्यात थांबवा किंवा सरकारने तरी ते विकत घ्या, ही मागणी सरकारने ऐकली नाही. हिंदी माणूस सोने पुरून ठेवतो म्हणून इंग्रज अर्थशास्त्री ज्याला शतकभर नावे ठेवत होते, त्याच्याच पुरलेल्या सोन्याने त्या मंदीत लंडनला आधार दिला.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि १९३८ मध्ये तिच्या पहिल्या नोटा आल्या. कायदा म्हणत होता की नोटांच्या किमान ४० टक्के पाठबळ सोने आणि पौंडांचे रोखे यांचे असावे, त्यात सोने ४० कोटींहून कमी नसावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने इथून माल नेला, पैसे लंडनमध्ये रोख्यांच्या रूपाने जमा केले, आणि त्या रोख्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या गेल्या. सहा वर्षांत चलन सहापटीहून अधिक वाढले. १९४३ चा बंगालचा दुष्काळ याच महागाईत झाला. १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा आली, या वेळी देण्याच्या वचनाशिवाय, आणि कायद्याने तिला रुपयाच्या नाण्याचाच दर्जा दिला. म्हणजे मोठ्या नोटेच्या बदल्यात आता दुसरा कागद देऊन सरकार मोकळे होऊ शकत होते. इतकी मोठी क्रांती इतक्या कमी आवाजात क्वचितच झाली असेल.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला जगाच्या चलनाची नवी घडी बसली. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, तिथे होते, आणि समोर होता तोच केन्स, आता ब्रिटनचा प्रतिनिधी. लंडनमध्ये अडकलेल्या आपल्या शिलकीचा प्रश्न हिंदी प्रतिनिधींनी तिथे धसास लावायचा प्रयत्न केला. तो सोडवायला परिषदेने नकार दिला. सोन्याशी आता एकट्या डॉलरचे थेट नाते राहिले, ३५ डॉलरला एक औंस. आपल्या रुपयाचे सोन्यातले मोल १९४९ आणि १९६६ च्या अवमूल्यनांनी उतरत गेले. १९५६ मध्ये, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून, टक्केवारीची अट काढून टाकली आणि सोन्यापुरता ११५ कोटींचा किमान निकष ठेवला. तोळ्याला साडेबासष्ट रुपये या त्या वेळच्या कायदेशीर भावाने ते सुमारे २१५ टन होते. १९६३ मध्ये मोरारजी देसाईंचे सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटची सक्ती झाली आणि हजारो सोनारांच्या भट्ट्या विझल्या. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री, आपल्याकडे तेव्हा सोळा तारखेची सकाळ झाली होती, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले. नोटेच्या बदल्यात ठरलेल्या भावाने सोने देण्याचे वचन यानंतर जगात कुठेच उरले नाही.

तरी सोने संपले नाही. १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने नेऊन तारण ठेवावे लागले. त्यातला मोठा वाटा गेला तो पुन्हा बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरातच. कर्ज फिटले, पण सोने बरीच वर्षे तिथेच राहिले. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन विकत घेतले. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात देशातल्या तिजोऱ्यांमधले सोने शंभराहून अधिक टनांनी वाढले. लंडनमधले सोने मुंबईला परत येऊ लागले होते. मार्च २०२४ अखेर बँकेकडे एकूण ८२२ टन सोने होते आणि त्यातले ४०८ टन भारतात होते. चलनातल्या नोटा तीस लाख कोटी रुपयांच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांच्या पाठीशी सोने ठेवण्याची कायदेशीर सक्ती आजही तेवढीच आहे, ११५ कोटी रुपयांची. २०२४ च्या बाजारभावाने त्या रकमेत पाव टनही सोने येत नाही. उरलेले आठशे टन रिझर्व्ह बँकेने कोणत्याही कायद्याच्या सक्तीशिवाय साठवले आहेत.